तीच शेकोटी पुन्हा हवी आहे

प्रश्न: टॉल्किन यांचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' दोनदा वाचून झालं. मग रॉबर्ट जॉर्डन यांची 'द व्हील ऑफ टाइम' ही फँटसी मालिका हातात घेतली आणि चौदाही भाग दीड वर्षात संपवले. शेवटचं पान मिटलं त्याला आता आठ महिने होतील. त्यानंतर 'हे आवडलं असेल तर तेही आवडेल' अशा शिफारशींवरून चार मालिका सुरू केल्या आणि चारही शंभर-दीडशे पानांत सोडल्या. एकीत भविष्यवाणीतला अनाथ मुलगा होता, एकीत ड्रॅगन, एकीत जादूचे नियम पानोपानी समजावून सांगितले होते, एकीत सगळेच एकमेकांच्या पाठीत सुरा खुपसत होते. वाईट एकही नव्हती, पण मन रमेना. रोज रात्री मी जुनीच पानं उघडतो. सॅम फ्रोडोला पाठीवर घेतो ते, नाहीतर पहिल्या भागात रँड, मॅट आणि पेरिन शेकोटीपाशी बसलेले असतात ते. 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' अपुरी आहे म्हणून सुरूच केली नाही, अधांतरी लटकायची माझी तयारी नाही. माझी वाचनाची आवड संपली का? की मी भलतीकडेच शोधतोय?

उत्तर:

प्रिय वाचक,

तुमची आवड ठणठणीत आहे. तुमच्या पत्रातच ते दिसतं. सोडून दिलेल्या चार मालिकांबद्दल लिहिताना तुम्ही त्यांतलं सामानसुमान मोजलंत: अनाथ मुलगा, ड्रॅगन, नियम, सुरे. आणि रोज रात्री जी पानं उघडता त्यांबद्दल काय लिहिलंत? एक माणूस दुसऱ्याला पाठीवर घेऊन डोंगर चढतो. तीन मित्र आगीभोवती बसतात. या पानांवर ना लढाई आहे, ना ड्रॅगन. दमलेली माणसं आहेत, घरापासून फार लांब आलेली, आणि ती एकमेकांच्या सोबतीला आहेत.

हे तुम्हाला कुणी सुचवलंच नाही, कारण तुम्ही ते मागितलंच नाही. तुम्ही 'एपिक फँटसी', म्हणजे काल्पनिक जगातली जादूची महागाथा, मागितलीत आणि लोकांनी तुम्हाला एपिक फँटसी दिली.

एका मालिकेसारखी दुसरी मालिका म्हणजे काय, हे बहुतेक वेळा मुखपृष्ठावरून ठरवलं जातं. सुरुवातीला नकाशा आहे, काळोखातून कुणीतरी डोकं वर काढतंय, एक साधा पोरगा गाव सोडून निघालाय. झालं, टॉल्किनसारखं! १९७७ साली टेरी ब्रुक्स यांची 'द सोर्ड ऑफ शॅनारा' आली, तेव्हा तिची मांडणी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या इतकी जवळची होती की त्यावरून तिच्यावर कडक टीका झाली. तरी ती प्रचंड खपली. टॉल्किन वाचून रिकाम्या झालेल्या माणसांना तेव्हाही तुमच्यासारखीच ओढ लागली होती. ज्यांना प्रवास आणि शोध हवा होता, त्यांना तो मिळाला. ज्यांना टॉल्किनची भाषा हवी होती, किंवा मावळत चाललेल्या जगाची ती हुरहुर हवी होती, त्यांना दुधाची तहान ताकावर भागवावी लागली. दोघांनीही 'टॉल्किनसारखं'च मागितलं होतं.

म्हणून आधी सॅमकडे बघू. टॉल्किन १९१६ साली सॉमच्या लढाईत होते. सॅम म्हणजे पहिल्या महायुद्धात आपण पाहिलेल्या साध्या शिपायांचं आणि अधिकाऱ्यांच्या दिमतीला असलेल्या सैनिकांचं प्रतिबिंब आहे, असं त्यांनी स्वतः म्हटलं होतं. म्हणजे जे पान तुम्हाला सोडवत नाही, ते जुन्या दंतकथांतून आलेलं नाही. ते खंदकांतून आलंय, चिखलात शेजारी शेजारी झोपलेल्या माणसांतून आलंय. अंगठी, जादूगार, एल्फ हे सगळं काढून घेतलं तरी ते पान उभं राहील. तुम्हाला हवंय ते तिथलं काहीतरी.

आणि रँड, मॅट, पेरिन? रॉबर्ट जॉर्डन यांनी १९९० सालच्या पहिल्या भागाची सुरुवात टॉल्किनच्या 'शायर'ची, म्हणजे फ्रोडोच्या मुलखाची, आठवण यावी अशी मुद्दाम केली होती. ते गाव, ते सणाचे दिवस, ते घाईघाईचं निघणं. पण पुढे त्यांनी काय केलं ते आठवा. तिसऱ्या भागानंतर हे तिघे एका जागी फार क्वचित येतात. नंतरनंतर तर एकाला दुसऱ्याची आठवण आली की डोळ्यांपुढे रंग गरगरतात, तेवढाच त्यांचा संबंध उरतो. मला वाटतं, चौदा भाग तुम्ही त्या पहिल्या शेकोटीकडे परत जायची वाट पाहत वाचलेत. ती ओढ 'व्हील ऑफ टाइम' संपल्यावर लागलेली नाही. ती मालिकेच्या आतच लागली होती, आणि मालिका संपल्यावर तिला कुठे जायचं ते कळेनासं झालं.

शंभर पानांबद्दलही एक बोलायचंय. चौदा भाग ज्यांच्यासोबत काढले, त्यांच्याशी तुम्ही नव्या पुस्तकातल्या अनोळखी माणसांची तुलना करताय. पहिल्या शंभर पानांत रँड तरी तुम्हाला कितीसा कळला होता? मेंढपाळाचा एक पोरगा, एवढंच. सोबत हवी असेल तर ओळख व्हायला वेळ द्यावा लागतो, प्रत्यक्षात लागतो तसाच. तेव्हा पानं मोजून पुस्तक सोडू नका. खाली प्रत्येक पुस्तकापुढे कुठवर थांबायचं ते सांगते. तिथपर्यंत जाऊनही जीव गुंतला नाही तर बेलाशक बंद करा.

सुरुवात एका छोट्या पुस्तकानं करा, लगेच नवी मोठी मालिका नको. अर्सुला ले ग्विन यांचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ सालचं आहे, दोन-तीन बैठकांत संपेल. त्या जगात प्रत्येकाचं एक खरं नाव असतं. ते ज्याला कळेल त्याच्या हातात तुमच्यावरची सत्ता जाते, म्हणून कुणी कुणाला ते सांगत नाही. तरुण गेड घमेंडीच्या भरात एक भयंकर चूक करतो, मोडून पडतो, सगळ्यांपासून तुटतो. त्या दिवसांत एक मित्र त्याला भेटायला येतो आणि आपलं खरं नाव सांगून टाकतो. सांत्वनाचं लांबलचक भाषण नाही, नुसतं नाव. सोबत या गोष्टीबद्दल फँटसीत याहून थोडक्यात आणि याहून खोल लिहिलेलं मला माहीत नाही. हाच मित्र पुढे गेडच्या शेवटच्या प्रवासात त्याच्या होडीत चढतो, हे तुझं काम नाही असं गेड म्हणत असला तरी. हे पुस्तक पूर्ण वाचायचं, त्याला सूट नाही.

त्यानंतर रॉबिन हॉब. तुमचं पत्र वाचताना पहिल्या परिच्छेदापासून माझ्या मनात हेच नाव होतं.

त्यांच्या मोठ्या मालिकेतलं पहिलं पुस्तक, 'असॅसिन्स अप्रेंटिस', १९९५ साली आलं. राजपुत्राचा अनौरस मुलगा फिट्झ सहा वर्षांचा असताना किल्ल्याच्या दारात आणून सोडला जातो आणि वडिलांचा घोडेवाला बरिच त्याला तबेल्यात वाढवतो. पुढे त्याला गुपचूप मारेकऱ्याचं शिक्षण दिलं जातं. वर्णन ऐकून तुमच्या यादीतला अनाथ मुलगाच आठवेल. पण इथे कुठलीही भविष्यवाणी या मुलाला खांद्यावर घेऊन मिरवत नाही. हा राजाच्या कामाला येणारा, आणि काम झालं की दाराआड उभा राहणारा मुलगा आहे. गोष्ट तो स्वतः सांगतो, पुष्कळ वर्षांनंतर, आपल्या चुका कळून चुकल्यावर. राजघराण्यातल्या मुलांना सद्गुणांची नावं देतात, शौर्य, सत्य, सहनशीलता अशी, म्हणजे ते गुण अंगी उतरतील अशी आशा. त्या घरात या मुलाच्या वाट्याला आलेल्या नावाचा अर्थ नुसता 'अनौरस' असा होतो.

या मालिकेतली एक जादू म्हणजे प्राण्यांशी मनानं जोडलं जाणं. त्या समाजात ती लाजिरवाणी मानली जाते, ती असलेल्यांना मारतातही. त्यामुळे फिट्झच्या आयुष्यातलं सगळ्यात जवळचं नातं हेच त्याचं सगळ्यात मोठं गुपित होऊन बसतं. जादूचे नियम समजावून सांगणाऱ्या पुस्तकाला तुम्ही कंटाळला होतात. इथे जादू समजावून सांगत नाहीत, ती कुणावर तरी माया करण्याची एक रीत म्हणून येते. आणि दरबारातला तो पांढराफटक विदूषक! त्याच्याबद्दल मी काहीही सांगणार नाही. फिट्झ आणि तो यांच्यात जे उभं राहतं, त्यासाठीच ही मालिका वाचायची.

एक इशारा द्यायला हवा. हॉब आपल्या माणसांना फार सोसायला लावतात. फिट्झ हट्टी आहे, वारंवार चुकतो, आणि त्याची किंमत पुस्तकात खरोखर मोजली जाते. पहिल्या त्रयीचा तिसरा भाग म्हणजे एक लांबच लांब पायपीट आहे. काहींना तोच रटाळ वाटतो. चालणाऱ्या माणसांची गोष्ट आवडणाऱ्या तुम्हाला मात्र तो सगळ्यात जवळचा वाटेल, असा माझा अंदाज आहे. कुठवर थांबायचं? पहिल्या भागातच, बरिच आणि हा मुलगा यांच्यात एका कुत्र्याच्या पिल्लावरून जे घडतं तिथपर्यंत. तिथे आत काहीच हललं नाही, तर ही मालिका तुमची नाही.

सगळी मिळून सोळा पुस्तकं आहेत आणि शेवटचं २०१७ साली आलं. तेव्हा अधांतरी लटकण्याची भीती इथे नाही. क्रम मात्र पाळा. पहिली त्रयी संपली की पुढची 'लाइव्हशिप ट्रेडर्स' येते. तिच्यात फिट्झ नाही. वेगळा प्रदेश, व्यापाऱ्यांचं एक कुटुंब, आणि जहाजं. घरातल्या तीन पिढ्यांनी ज्याच्या डेकवर प्राण सोडले ते जहाज जागं होतं, बोलू लागतं. पुष्कळ वाचक फिट्झच्या ओढीनं ही त्रयी वगळून पुढे जातात. तसं करू नका. तुम्ही चिडाल, पहिली शंभर पानं मनातल्या मनात माझ्याशी भांडाल, तरी वाचा. तिथं कळलेल्या गोष्टींवाचून तिसऱ्या त्रयीतले अर्धे क्षण मुके राहतात.

हॉबच्या दोन त्रयींच्या मध्ये वेगळं काही हवं असेल, तर टॅड विल्यम्स. 'मेमरी, सॉरो अँड थॉर्न' या त्रयीचा पहिला भाग 'द ड्रॅगनबोन चेअर' १९८८ सालचा. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी आपल्यावर या त्रयीचा प्रभाव असल्याचं मोकळेपणानं सांगितलंय. तुम्ही त्यांची 'साँग ऑफ आइस अँड फायर' सुरू केली नाहीत, ते तुमच्या मनःस्थितीत योग्यच केलंत. पाचवा भाग २०११ साली आला आणि सहाव्याची वाट वाचक अजून पाहताहेत. पण एखादा लेखक अपुरा राहिला असेल तर त्यानं काय वाचलं होतं तिथे जाता येतं, आणि ही वाट मला नेहमीच फळली आहे. मार्टिनच्या मागे उभं असलेलं हे घर पूर्ण बांधलेलं आहे.

यात सायमन नावाचा किल्ल्याच्या स्वयंपाकघरातला पोरगा आहे, कामचुकार आणि स्वप्नाळू. सुरुवात अतिशय संथ आहे, हे आधीच सांगते. सायमन झाडू मारतो, बोलणी खातो, एका म्हाताऱ्या विद्वानाच्या खोलीत जाऊन बसतो. याच पानांत पुस्तक सोडणारे फार. तुम्ही त्याला किल्ल्याबाहेर पडेपर्यंत सोबत करा. तो एकटा, उपाशी जंगलात भटकायला लागला आणि तुम्हाला त्याची काळजी वाटली, की त्या संथ पानांनी काय काम केलं ते कळेल. शिवाय विल्यम्स यांनी २०१७ ते २०२४ या काळात पुन्हा याच जगात येऊन नवी मालिका लिहिली. तिच्यात सायमन तीस-एक वर्षांनी मोठा आहे. पोरवयात भेटलेला माणूस उतारवयात पुन्हा भेटणं हे सुख फार थोड्या मालिका देतात.

ब्रँडन सँडरसन यांचं नाव तुम्हाला प्रत्येकानं सुचवलं असणारच. जॉर्डन २००७ साली गेले आणि 'व्हील ऑफ टाइम'चे शेवटचे तीन भाग सँडरसन यांनी पूर्ण केले, त्यामुळे शिफारस आपोआपच होते. त्यांच्या लेखनात जादूचे नियम फार महत्त्वाचे असतात, आणि तेच तुम्हाला खटकेल. तरी 'द वे ऑफ किंग्ज' माझ्या यादीत आहे, एका कारणासाठी. त्यात कालादिन नावाचा एक माणूस गुलाम म्हणून लढाईत लाकडी पूल वाहून नेणाऱ्यांच्या तुकडीत येऊन पडतो. बाणांच्या वर्षावात सगळ्यात पुढे धावायचं आणि मरायचं, एवढंच त्या तुकडीचं काम. नावंही न विचारणारी ही माणसं. कालादिन ती विचारायला लागतो. हळूहळू रोज रात्री आगीवर एक मोठं भांडं चढतं, एका भांड्यातलं सगळे मिळून खायला लागतात, आणि त्या आगीभोवती प्रेतांसारखी जगणारी माणसं पुन्हा माणसं होतात. तुमची शेकोटी हीच. पुस्तक हजार पानांवर आहे आणि बाकीची कथानकं आधी विस्कळीत वाटतील. कालादिनच्या प्रकरणांना धरून चाला. हा ज्या मालिकेचा पहिला भाग, ती 'स्टॉर्मलाइट आर्काइव्ह' दहा भागांची योजलेली आहे, पण पाचव्या भागाशी, २०२४ साली, पहिलं पर्व संपलंय, त्यामुळे थांबायला एक जागा आहे.

स्टीव्हन एरिक्सन यांची दहा भागांची 'मलाझन बुक ऑफ द फॉलन' आत्ता नको. सैनिकांमधली सोबत तिच्यात अप्रतिम आहे, पण १९९९ सालचा पहिला भाग वाचकाला वाहत्या पुरात ढकलून देतो. कोण कुणाचं, हे कळायलाच पाचशे पानं जातात. मन भरलेलं असेल तेव्हा ती घ्या. जो ॲबरक्रॉम्बी यांची 'द फर्स्ट लॉ'ही बाजूला ठेवा. प्रवासाला निघालेली टोळी तिच्यात आहे, आगीभोवतीच्या रात्रीही आहेत, पण पाठीतल्या सुऱ्यांना तुम्ही आत्ताच कंटाळला आहात, आणि ती मालिका सोबतीवर विश्वास ठेवणाऱ्याला फार कठोरपणे वागवते.

आणि एक पुस्तक फँटसीच्या बाहेरचं. सॅम खंदकांतून आला, हे वर लिहिलं ते याच्यासाठीच. पॅट्रिक ओब्रायन यांची 'मास्टर अँड कमांडर'पासून सुरू होणारी मालिका नेपोलियनच्या काळातल्या ब्रिटिश आरमाराची आहे. १९६९ ते १९९९ या तीस वर्षांत तिच्या वीस कादंबऱ्या आल्या. जॅक ऑब्री हा जहाजाचा कप्तान, स्टीफन मॅच्युरिन हा डॉक्टर. पहिल्याच प्रकरणात दोघं एका मैफलीत शेजारी बसतात आणि जवळजवळ भांडण ओढवून घेतात. नंतर वीस पुस्तकं, जहाजं बदलत गेली तरी, ते बहुतेक वेळ एकमेकांसोबत समुद्रावर असतात. एक व्हायोलिन वाजवतो, दुसरा चेलो, आणि रात्री केबिनमध्ये दोघं मिळून वाजवतात. जहाजाच्या दोऱ्या-शिडांचे शब्द डोक्यावरून जातील, जाऊ द्या. डॉक्टरच्याही ते डोक्यावरूनच जातात. जादू एक कणभरही नाही, पण अनोळखी जग, स्वतःची भाषा, स्वतःचे कायदे, लांबचा प्रवास आणि न संपणारी मैत्री हे सगळं आहे. एपिक फँटसीच्या वाचकाला या जहाजावर परकं वाटत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय.

यापुढे कुणाकडे पुस्तक मागाल तेव्हा मालिकेचं नाव सांगून 'असंच काही द्या' म्हणू नका. मला सांगितलंत तसं ते पान सांगा. सोडलेली पुस्तकंही सांगा, कुठे सोडलं आणि त्या वेळी नेमका कशाचा कंटाळा आला होता तेही. आवडत्या पुस्तकांबद्दल आपण सगळे मोघम बोलतो. सोडलेल्या पुस्तकांबद्दल मात्र माणूस अगदी नेमकं बोलतो, आणि सुचवणाऱ्याला त्यातूनच वाट दिसते. तुम्ही सोडलेल्या चार मालिकांनी मला जितकं सांगितलं, तितकं चौदा पूर्ण भागांनी सांगितलं नसतं.

जुनी पानं रात्री उघडता, ती उघडत राहा. नवं पुस्तक चालू असतानाही. त्यात नव्या पुस्तकाशी बेइमानी नाही. 'व्हील ऑफ टाइम' संपल्यावर मीही कितीतरी दिवस झोपण्यापूर्वी पहिल्या भागातलं ते गाव वाचत होते, आणि दिवसा हॉब.

हॉबच्या तिसऱ्या त्रयीचा पहिला भाग आहे 'फूल्स एरंड'. त्याच्या सुरुवातीला बराच वेळ काहीही घडत नाही. पंधराएक वर्षं लोटली आहेत. एक माणूस सगळ्यांपासून लांब, एका लहानशा घरात राहतोय, बागेत काम करतोय. मग एक जुना मित्र घोड्यावरून येतो. दोघं बसतात, खातात, पितात, मधल्या वर्षांबद्दल एकमेकांना सांगतात, काही सांगत नाहीत. दिवसच्या दिवस असेच जातात. काही वाचक या पानांवर कुरकुरतात, गोष्ट सुरू कधी होणार म्हणून. तुम्ही तिथवर पोचाल तेव्हा ती पानं सावकाश वाचा.